सीमाभागातल्या मराठी शाळेत विशेष शिक्षक म्हणून रुजू होताना

पहिले आठ दिवस कुठल्याही मुलाची चाचणी घेऊ नका. मुख्याध्यापक यादी हातात देतील, ‘ही एवढी तुमची पोरं’ म्हणतील. वर्गशिक्षिका दारातच सांगतील, हा एका जागी बसत नाही, ती तोंड उघडत नाही, त्याला तर काहीच येत नाही. सगळं ऐकून घ्या, यादी पिशवीत ठेवा आणि मुलांच्यात जाऊन बसा. जेवणाच्या पंगतीत बसा, मैदानात उभं राहा, नळापाशी थांबा. कोण कुणाशी बोलतं, कुठल्या बोलीत बोलतं, हाक मारल्यावर कोण वळून बघतं आणि कोण बघत नाही, एवढंच टिपा.

मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून फिरून हे काम करते. जांबोटी-कणकुंबीकडची पावसाळी गावं, नंदगडचा भाग, गुंजी-लोंढ्याकडच्या वाड्या. हे लिहितेय ते आपल्याच भागात नव्याने या कामाला लागलेल्या बाई-सरांसाठी, मग ते बेळगाव तालुक्यात असोत, निपाणी-चिकोडीत, हल्याळला नाहीतर बिदर-भालकीकडे. दिव्यांगत्वाचे प्रकार, बुद्ध्यांक, आराखडे हे तुम्ही शिकून आलाच आहात. पण त्या पुस्तकांतल्या मुलाला एकच भाषा असते. आपलं मूल घरी एक मराठी बोलतं, पुस्तकात दुसरी वाचतं, सोबत कन्नड आणि इंग्रजी शिकतं, आणि तपासणीला नेलं की डॉक्टर त्याच्याशी कन्नडमधून नाहीतर हिंदीतून बोलतात. या गुंत्यातून मुलाची खरी अडचण कुठली आणि भाषेमुळे अडचण वाटतेय ती कुठली, हे वेगळं काढता आलं पाहिजे. या भागात विशेष शिक्षकाचं निम्मं काम हेच आहे असं मी मानते.

नोकरीबद्दल थोडक्यात

भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला दोन वर्षांचा डी.एड. स्पेशल किंवा बी.एड. स्पेशल आणि परिषदेच्या नोंदवहीतला सीआरआर क्रमांक, या दोन गोष्टींशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. गटपातळीवर समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेखाली जे काम करतात त्यांना इकडे बीआयईआरटी म्हणतात; त्यांचं बसणं बीआरसीत, म्हणजे गट साधन केंद्रात, आणि फिरणं तालुकाभर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने प्राथमिकला १० आणि उच्च प्राथमिकला १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं, पण आपल्याकडे अजून एकेका शिक्षकाच्या वाट्याला बऱ्याच शाळा येतात. एका शाळेत पुन्हा जायला आठवडा, कधी पंधरवडा लागतो. हे आधीच मनाशी धरा, कारण पुढची सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे.

आणि कन्नड नीट शिका. नुसतं बोलायला नाही, लिहा-वाचायला. सीमाप्रश्नावर आपल्या प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. पण खात्याची पत्रं, प्रशिक्षण, शिबिराचे अर्ज, डॉक्टरांचे शेरे कन्नडमध्ये असतात, आणि खानापूरच्या जंगलातल्या आईला ते वाचून दाखवणारं तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं.

घरची बोली आधी

आठवड्याभरात मुलांच्या घरी जाऊन या. घरची भाषा कुठली असं सरळ विचारलं तर सगळे ‘मराठी’ म्हणतात. म्हणून असं विचारा: आई रागावते कुठल्या भाषेत, आजी गोष्ट कशात सांगते, भावंडं भांडतात कशात. खानापूरच्या पश्चिमेला मराठीत कोकणी मिसळलेली सापडते. गवळी-धनगरांच्या वाड्यांवर बोलीचा बाज आणखी निराळा. आई कन्नड आणि वडील मराठी बोलणारे अशीही घरं असतात, आणि मराठी शाळेत उर्दू बोलणारी मुलंही येतात.

हे वहीत लिहून ठेवलं की चाचणीचा अर्थच बदलतो. ‘मला पाणी पिऊचं हाय’ म्हणणारं मूल काही चुकत नाही, ते घरी बोलतात तसंच बोलतंय. भाषेच्या तपासणीत त्या वाक्याचे पूर्ण गुण द्या. चित्रकार्डांचंही तेच. संचातली चित्रं बहुधा शहरातली असतात, लिफ्ट, टोस्टर, पोहण्याचा तलाव. मुलाने ती ओळखली नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी फोनवर फोटो काढून छापून घेतलेत: विळा, घोंगडी, हंडा, काजूचं बोंड, उसाची मोळी, पाणी तापवायचा बंब. निपाणीकडच्या शिक्षकांनी त्यात तंबाखूचं पान आणि विडीचं सूप घालावं. ज्या मुलाला बोलतच नाही म्हणून माझ्यापुढे आणलं होतं, त्याने बंबाच्या फोटोवर बोट ठेवून ‘ह्यात लाकडं घालतंत, आणि धूर येतंय’ असं सांगितलं.

एका चौथीतल्या मुलाच्या नावापुढे ‘मतिमंद’ असा शेरा होता. पाटीवर त्याला ‘कमळ’ लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी त्याच्या घरी गेले तेव्हा तो म्हशी घेऊन येत होता, आपल्या आणि शेजारच्या दोन घरांच्या. एकेकीला नावाने हाक मारून त्याने ज्याच्या त्याच्या गोठ्यात सोडलं. पलीकडच्या घरची का नाही आणली म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘ती काल व्यालीया, तिला आज सोडूचं न्हाई.’ वर मलाच विचारलं, ‘बाई, तुमची बस चुकली न्हवं?’ बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना बुद्ध्यांकाबरोबर रोजच्या जगण्यातलं वागणंही बघायचं असतं, हे दोन्ही मिळूनच निदान होतं. या मुलाचं जगणं वयाच्या पुढे होतं. अडत होतं ते फक्त अक्षरात. पुढे तो वाचन-अक्षमतेच्या तपासणीला गेला आणि त्याच्या शिकवण्याची दिशाच बदलली. घरी न जाता हे कळलं नसतं.

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या आईला शेजारपाजारचे, कधी चांगले शिकलेले लोकही सांगतात की घरात आता शाळेचीच भाषा बोला, दोन भाषांनी पोर गोंधळतंय. हे तिच्या मनातून काढा. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं खुंटत नाही, स्वमग्न मुलाचंही नाही आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचंही नाही. आईने अडखळत परक्या भाषेत चार शब्द बोलण्यापेक्षा आपल्या बोलीत दिवसभर त्याच्याशी बोलत राहणं कितीतरी उपयोगाचं. भाकरी थापताना, अंघोळ घालताना, जनावरांना पाणी दाखवताना जे करतेस ते तोंडाने सांगत राहा, असं मी आयांना सांगते.

कान आणि डोळे

कुठलाही निष्कर्ष काढायच्या आधी ऐकू येतंय का आणि दिसतंय का हे बघून घ्या. मूल खेळात गुंतलेलं असताना मागे आठ-दहा फुटांवर उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. नंतर किल्ल्यांचा जुडगा वाजवा, कागद चुरगळा, डब्यावर टिचकी मारा. बारीक आवाज आणि जाड आवाज दोन्ही वापरा, कारण काही मुलांना एकच तऱ्हेचा आवाज ऐकू येत नाही आणि ती ‘मनाला येईल तेव्हा ऐकतात’ म्हणून बोलणी खातात. कान वाहणारं मूल दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखान्यात पाठवा, आणि कानात कोमट तेल घालू नका हे घरच्यांना स्पष्ट सांगा. डोळ्यांसाठी सहा मीटरवर ‘ई’ चा तक्ता लावा. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारं मूल आळशी ठरवायच्या आधी त्याला पहिल्या ओळीत आणून बघा.

आपल्या भागातल्या पावसाचा विचार पुस्तकात नाही, म्हणून सांगते. जुलै-ऑगस्टात कणकुंबीकडे पाऊस लागला की पत्र्याच्या वर्गात शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला तर त्या पत्र्याचाच आवाज मोठा होऊन ऐकू येतो. त्यात वीज गेलेली, वर्गात अंधार, म्हणजे ओठांकडे बघून समजून घ्यायचीही सोय गेली. अशा दिवशी त्या मुलाला तोंडी धडा देऊ नका. चित्रं, गणिताचे मणी, जोड्या लावा, लिहिलेल्या सूचना असं काम आधीच तयार करून शाळेत ठेवा. वर्गशिक्षिकेला सांगा की बोलताना तोंड खिडकीकडे, म्हणजे उजेडात असू द्या आणि फळ्याकडे वळून बोलू नका. ओलाव्याने यंत्र बिघडतं, तेव्हा रात्री यंत्र काढून बॅटरीचं दार उघडून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी येते ती त्या डब्यात टाकायची. कानातला साचा मूल वाढतं तसा सैल होतो आणि शिट्टी वाजायला लागते. मूल यंत्र काढून दप्तरात टाकत असेल तर हट्टीपणा समजू नका, साचा तपासायला न्या.

वाचनात अडकलेलं मूल

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबते.

आपलं तिसरीतलं मूल देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांशी झगडत असतं. ते वाचत नाही याची कारणं दोन असू शकतात: शिकवणं पुरेसं झालेलं नाही, किंवा त्याला खरोखरच अध्ययन-अक्षमता आहे. ओळखायचं कसं? दोन्ही वह्या शेजारी ठेवा. अडचण फक्त कन्नडमध्ये असेल आणि मराठी व्यवस्थित असेल तर मुलाच्या कानावर कन्नड कमी पडलंय, त्याला सराव हवा, प्रमाणपत्र नको. अडचण दोन्हींत असेल, एकाच तऱ्हेची असेल, आणि वर्षभर नीट शिकवूनही हटत नसेल, तर तपासणीचा विचार करा. मराठीत ध-घ, भ-म, ब-व, थ-य यांची अदलाबदल होते, कन्नडमध्ये त्याच मुलाचा प, व आणि म यांत घोटाळा होतो. शब्द तोंडी फोडायला लावा: ‘कपाट’ मधला पहिला आवाज काढला तर काय उरतं? हे त्याच्या बोलीतल्या ओळखीच्या शब्दांवर विचारा. अक्षर न दाखवताही मूल तिथे अडखळलं तर खूण पक्की होत जाते.

ऱ्हस्व वेलांटीकडे खास लक्ष द्या. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मात्र क चा आधी होतो. अडकणाऱ्या मुलाला हा उलटा क्रम फार जड जातो. मी आधी दीर्घ वेलांटी पक्की करते, कारण ती अक्षराच्या मागे, उच्चाराच्या क्रमाने येते. ऱ्हस्व वेलांटी नंतर, वेगळ्या रंगाच्या खडूने, आणि मुलाला बोटाने क वर आधी टेकून मग वेलांटीकडे यायला लावते. जोडाक्षरं त्याच्याही नंतर. वर्गात पाठ कुठवर आलाय याची फिकीर त्या मुलापुरती सोडून द्या. पाठ्यपुस्तक कर्नाटकाचंच राहील, पण सरावासाठी बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. मोठ्या अक्षरांचे छोटे उतारे त्यात भरपूर मिळतात.

तिसरीत, किंवा आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, अध्ययन-अक्षमतेची औपचारिक तपासणी होते. त्याआधी शिक्का मारायची घाई करू नका. तपासणीला नेताना मराठीची वही, कन्नडची वही, मूल वाचत असतानाचं फोनवरचं ध्वनिमुद्रण आणि तुमच्या हाताने कन्नडमध्ये लिहिलेली एक पानाची टिपणी बरोबर द्या. मूल मराठी माध्यमात शिकतं आणि वाचनाची चाचणी मराठीत व्हावी, हे त्या टिपणीत पहिल्याच ओळीत लिहा. हे सांगितलं नाही तर मुलाला न येणाऱ्या भाषेत परीक्षा होते आणि निकाल कुणाच्याच कामाचा राहत नाही.

वर्गशिक्षिकेला बरोबर घ्या

आठवड्यातून एकदा येऊन मुलाला व्हरांड्यात घेऊन बसलात आणि तासाभराने परत गेलात तर मूल शिकत नाही. उरलेले पाच दिवस ते वर्गशिक्षिकेजवळ असतं. त्या बाईंकडे आधीच दोन-तीन इयत्ता असतात, जेवणाची नोंद असते, माहिती भरायची असते. त्यांना दहा सूचना देऊ नका. एकच द्या, दोन मिनिटांत होणारी, आणि पुढच्या वेळी तीच विचारा. ‘रोज हजेरी घेताना याच्या हातात खडू द्या आणि आलेल्यांपुढे रेघ मारायला लावा’ एवढी साधी. ती जमली की दुसरी.

फिट येणारं मूल वर्गात असेल तर सगळ्या शिक्षकांना आणि जेवण करणाऱ्या मावशींना एकत्र बसवून सांगा: मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, घड्याळ बघा. कांदा नको, चप्पल नको, हातात लोखंड नको, दातांत चमचा नको. पाच मिनिटांच्या वर चाललं तर १०८ ला फोन. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला सगळ्यांच्या घोळक्यात ठेवू नका, थोडं झोपू द्या.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला बस्करावर मांडी घालून बसायला लावलं की त्याची सगळी ताकद नुसतं बसण्यात जाते, लिहायला उरत नाही. दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसवा किंवा बुटकी खुर्ची द्या आणि पाय लोंबत असतील तर खाली फळी नाहीतर विटा रचा. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की पकड बसते.

एक उद्दिष्ट कसं लिहायचं

वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ‘स्वावलंबन वाढवणे’ असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. दुसरीतल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलीसाठी मी असं लिहिलं होतं: ‘दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत जेवणानंतर स्वतःचं ताट स्वतः धुऊन टोपलीत ठेवेल, पाचपैकी चार दिवस, न सांगता.’

मग कामाचे तुकडे पाडले. ताट उचलायचं, रांगेत उभं राहायचं, उरलेलं बादलीत टाकायचं, नळाखाली ताट धरायचं, काथ्याने घासायचं, विसळायचं, पाणी निथळून टोपलीत ठेवायचं. शिकवायला सुरुवात शेवटापासून केली. आधीचं सगळं मावशींनी तिचे हात धरून करून घ्यायचं आणि टोपलीत ठेवणं तेवढं तिने एकटीने करायचं. म्हणजे रोज काम तिच्याच हातून पुरं होतं आणि रोज शाबासकी तिलाच मिळते. ते जमलं की विसळणं तिच्याकडे, मग घासणं, असं मागे मागे यायचं.

यात अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गशिक्षिका म्हणायच्या ‘पालथं ठेव’, मावशी म्हणायच्या ‘उलटं कर’, घरी आई म्हणायची ‘उपडं घाल’. मुलीला तीन वेगळ्या आज्ञा वाटत होत्या आणि ती ताट हातात धरून उभी राहायची. आईचा शब्द ठरवला, ‘उपडं घाल’, आणि सगळ्यांनी तोच वापरला. भिंतीवर एक तक्ता लावला: हात धरून, सांगितल्यावर, स्वतःहून, अशी तीन घरं, रोज एक खूण. तो तक्ता मावशीच भरायच्या. लिहिता येत नसलं तरी खूण करता येते.

तुम्हीही प्रत्येक मुलाच्या वहीत पहिल्या पानावर असे दहा-पंधरा शब्द लिहा: पाणी, लघवी, दुखतंय, नको, बस, थांब, झालं हे त्याच्या घरी कसं म्हणतात. नवीन बाई आल्या की त्यांनी आधी ते पान वाचावं.

ब्रेलचं एक सुख

अंध मूल मराठी शाळेत असेल तर घाबरू नका, आपल्या भागात त्याला एक सोय आहे जी डोळस मुलांना नाही. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सामायिक ब्रेलमध्ये, ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, मराठीतही आणि कन्नडमध्येही. बाकीची अक्षरंही जवळपास सगळी अशीच, ध्वनी एक तर खूण एक. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ तेवढे वेगळे शिकवायचे. वेलांटीचा उलटा क्रमही ब्रेलमध्ये नाही, स्वर व्यंजनाच्या मागेच येतो. म्हणजे मराठी ब्रेल पक्की झालेल्या मुलाला कन्नडसाठी लिपी नव्याने शिकावी लागत नाही, भाषा तेवढी शिकायची. वर्गातल्या डोळस मुलांना हे दाखवा. पाटी-टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे बघायला सगळा वर्ग जमतो आणि त्या दिवशी तो मुलगा वर्गाचा गुरू होतो. बेळगावात माहेश्वरी अंध शाळा आहे, तिथल्या शिक्षकांशी ओळख ठेवा.

कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. त्यामुळे ज्याला पूर्वी काहीच मिळत नव्हतं अशा मुलांनाही, अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, आता नोंदवता येतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा नको म्हणाली तर ही ओळ मुख्याध्यापकांना शांतपणे वाचून दाखवा.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापायी. आधारवर इंग्रजी, रेशन कार्डावर कन्नड, शाळेच्या दाखल्यावर मराठी, आणि तिन्हीकडे आडनाव निराळं. अर्ज भरायच्या आधी तिन्ही कागद समोर मांडून नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जुळवा. आधार आधी दुरुस्त करून घ्या. पुष्कळ पालक मिरज-कोल्हापूरला डॉक्टर दाखवतात, उपचार तिथे खुशाल चालू राहू देत, पण प्रमाणपत्र आपल्या जिल्ह्यातून काढा, कारण पुढे पेन्शन, पास, शिष्यवृत्ती हे सगळं कर्नाटकाकडूनच मागायचंय. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी नेमलेला पुनर्वसन कार्यकर्ता, म्हणजे व्हीआरडब्ल्यू असतो, तालुक्याला तसाच एमआरडब्ल्यू. त्यांची ओळख पहिल्या महिन्यात करून घ्या. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत. बेळगावला जायचं तर कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला पैसे लागत नाहीत, आईला आधार तेवढं जवळ ठेवायला सांगा. महाराष्ट्रात जाणाऱ्या बसला मात्र ती सवलत धरून चालू नका.

समग्र शिक्षाखाली दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते, सोयी आणि साहित्यासाठी. मुलींना शिवाय महिन्याला २०० रुपये, दहा महिने. मुलींच्या बँक खात्याचं आणि आधार जोडणीचं काम जूनमध्येच उरकून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. हे आपल्याकडे फार थोड्या घरांना माहीत आहे. तालुक्याच्या वैद्यकीय शिबिराची तारीख कळली की नुसता निरोप धाडू नका. आदल्या दिवशी घरी जा किंवा फोन करा, कागदांच्या प्रती आपल्याजवळ ठेवा. भात लावणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत आईचा एक दिवस बुडणं म्हणजे हजेरी बुडणं, तेव्हा एकाच फेरीत तपासणी, फोटो आणि सही सगळं होईल अशी आखणी तुम्ही करा.

सातवीनंतर

बहुतेक प्राथमिक शाळा सातवीला संपतात आणि हायस्कूल दुसऱ्या गावात असतं. मुलं सुटतात ती इथेच, मुली जास्त. म्हणून सातवीच्या दिवाळीनंतर लगेच तयारी धरा. ज्या हायस्कूलला मूल जाणार तिथल्या शिक्षकांना एकदा भेटून या आणि मुलालाही एक दिवस तिथे नेऊन वर्ग, नळ, संडास दाखवा. फाइलमध्ये प्रमाणपत्राची प्रत, शेवटचा आराखडा, कुठल्या पद्धतीने शिकतं त्याची टिपणी आणि घरच्या शब्दांचं ते पान ठेवा. टिपणी मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन प्रतींत लिहा, कारण हायस्कूलला त्याला कन्नडचे, गणिताचे आणि मराठीचे शिक्षक वेगवेगळे असतील. फाइल पालकांच्या हातून पाठवू नका, स्वतः नेऊन द्या, एक प्रत बीआरसीत ठेवा, आणि शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांनी मूल रोज येतंय का ते फोन करून विचारा.